न झालेल्या क्लासची फी

परवा एका मैत्रिणीने तिच्या पालकांच्या ग्रुपवरचा एक स्क्रीनशॉट पाठवला. मुलाला ताप, पियानोचे दोन क्लास बुडले, आणि टीचरने महिन्याची पूर्ण फी मागितली. खाली उत्तरांचा पाऊस. निम्मे लोक म्हणतायत की जे शिकवलंच नाही त्याचे पैसे कसले, हा सरळसरळ धंदा झाला. उरलेल्या निम्म्यांत बरेच जण स्वतः शिकवणारे दिसले, त्यांचं म्हणणं, जिमला नाही गेलात तर जिमवाला पैसे परत देतो का? आणि मध्येच एक महाशय "अ‍ॅप घ्या ना, ही कटकटच नको" म्हणून मोकळे. सगळं वाचून झाल्यावर वाटलं, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! भांडण पैशाचं चाललंय, पण पैसे नक्की कशाचे देतोय हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. एकट्याने, कुठल्याही संस्थेच्या आधाराशिवाय पियानो शिकवणाऱ्या टीचरने महिन्याची पूर्ण फी घ्यावी, विद्यार्थी आला काय नि न आला काय. पण जिमवाला घेतो म्हणून मीही घेणार, हे त्याचं कारण असू शकत नाही. आणि खरं कारण मान्य केलं तर टीचर लोकांच्या गळ्यातही एक लोढणं येतं, जे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना आवडणार नाही. मी शिकवत नाही, शिकते, तेही चाळिशी उलटल्यावर सुरू केलेलं, त्यामुळे बुडलेल्या क्लासचे पैसे मोजताना पोटात कसं ढवळतं ते मला चांगलं माहितीये.

आधी साधा हिशोब. शाळकरी मुलं शिकायला कधी येऊ शकतात? शाळा सुटल्यावर आणि जेवायच्या आधी. म्हणजे एकट्या टीचरचा दिवस कागदावर कितीही मोठा असला तरी विकता येण्यासारखे तास चारच, संध्याकाळी ४ ते ८. अर्ध्या अर्ध्या तासाचे आठ स्लॉट. मंगळवारचा साडेपाचचा स्लॉट तुमच्या मुलाच्या नावाने वर्षभर राखलेला असतो, दुसरं कोणी विचारायला आलं तर त्याला नाही म्हणून परत पाठवलेलं असतं, आणि तुम्ही मंगळवारी पाच वाजता "आज जमणार नाही" असा मेसेज टाकता. आता तो अर्धा तास टीचरने कोणाला विकायचा? लोक म्हणतात मग मेकअप क्लास द्या, म्हणजे बुडलेला क्लास दुसऱ्या वेळी भरून द्या, त्यात काय एवढं. तीस विद्यार्थी धरा, प्रत्येकाने तीन महिन्यांत एकच क्लास बुडवला तरी पंधरा तास भरून द्यायचे झाले, आणि दिवसाला चारच तास असले तर त्याच्या जवळजवळ चार पूर्ण संध्याकाळी होतात. त्या आणायच्या कुठून? रविवारातून, म्हणजे टीचरच्या स्वतःच्या घरातून.

हे रडगाणं काही आजचं नाही. जानेवारी १७८२ मध्ये संगीतकार मोझार्ट व्हिएन्नाहून वडिलांना पत्र लिहितो. त्याला लग्न करायचंय, वडील नाराज, आणि आपण घर चालवू शकतो हे त्यांना पटवायचंय, म्हणून पठ्ठ्या कमाईचा हिशोब मांडून दाखवतो. तीन विद्यार्थिनी, महिन्याला १८ डुकाट (तेव्हाचं सोन्याचं नाणं). आणि पुढे सांगतो की आता मी बारा लेसन्सचे असे पैसे घेत नाही, महिन्याचे घेतो, कारण लोक मधेच आठवडेच्या आठवडे गायब होतात हे ठेच लागून कळलं, तेव्हा आता शिका नाहीतर शिकू नका, प्रत्येकीने मला ६ डुकाट द्यायचेच. साक्षात मोझार्ट! ज्याच्या समोर अर्धा तास बसायला मिळावं म्हणून आज कोणीही काहीही देईल, त्याच्याकडेही लोक क्लास बुडवत होते आणि पैसे द्यायला खळखळ करत होते. मग आपल्या गल्लीतल्या टीचरची काय कथा.

बरं, आता समोरच्या बाजूचं ऐकू, कारण तिच्यात दम आहे. पहिला मुद्दा, डॉक्टरकडे गेलो तरच पैसे देतो, न्हाव्याकडे गेलो तरच देतो, मग इथेच वेगळा नियम का? आणि मोझार्टचं उदाहरण देणाऱ्याला उलट पियानोसाठीच लिहिणाऱ्या संगीतकार शोपँचं उदाहरण देता येतंच. तो पॅरिसमध्ये मुख्यतः शिकवण्यांवर जगला, एका लेसनचे २० फ्रँक, जो तो शिकून झालं की फायरप्लेसच्या वरच्या फळीवर ठेवून जायचा. आला तर पैसे, हिशोब चोख. मग? मग असं की शोपँच्या दारात सरदार-दरकदारांच्या बायकामुलींची रांग होती, एक नाही आली तर दुसरी यायला तयार. डॉक्टरचंही तेच, तुम्ही नाही गेलात तर तुमच्या मागचा पेशंट आत जातो. ज्याच्याकडे रांग आहे त्याला येईल त्याचे पैसे घेणं परवडतं. ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी शिकवणाऱ्याकडे रांग नसते, कारण ती जागा तुम्ही अडवून ठेवलेली असते. (बाकी शोपँला शिकवणं हे पोटापाण्याचं हलकं काम वाटायचं असं कोणाला वाटत असेल तर तसं नाही, तो ते फार मनापासून करायचा, पुढे त्याच्याकडे परत येते.)

दुसरा मुद्दा मला जास्त बोचतो. संस्थेत निदान तक्रार करायला कोणीतरी असतं. एकटी टीचर म्हणजे मालक तीच, शिक्षक तीच, तपासनीस तीच. तिला महिन्याचे पैसे आधीच मिळणार असतील तर तिने नीट शिकवायचं कशाला? याला ठरावीक उत्तर असं दिलं जातं की तिचे विद्यार्थी हीच तिची जाहिरात, वाईट शिकवलं तर आपोआप बाजारातून बाद होईल. मी हे मानत नाही. ज्या पालकांना पियानोतलं काही कळत नाही त्यांना शिकवणं चांगलं की वाईट हे समजायला दोन-तीन वर्षं जातात, तोवर मुलाचा हात बिघडून बसलेला असतो. माझंच घ्या. मी पहिली ज्यांच्याकडे गेले तिथे अर्धा तास मी वाजवत असायचे आणि ते फोन बघत असायचे, मधून मधून "छान, परत एकदा" म्हणायचे. दहा महिने! पूर्ण फी, एकही खाडा नाही, आणि शेवटी हातात काय तर तीन धून, त्याही खांदे कानापर्यंत वर घेऊन वाजवलेल्या. त्यामुळे फी कशाला द्यायची म्हणणाऱ्या पालकाचा राग मला खोटा वाटत नाही. फक्त तो चुकीच्या जागी निघतोय असं वाटतं. माझे पैसे बुडाले ते झालेल्या क्लासचे. न झालेल्याचे नव्हेत.

आणि म्हणूनच ते जिमचं उदाहरण मला मुळीच पटत नाही. जिमवाल्याला तुम्ही आला नाहीत तर फायदाच असतो, मशीन कमी झिजतं, गर्दी कमी होते, सगळे मेंबर एकदम आले तर उभं राहायला जागा नसेल हे त्यालाही ठाऊक असतं. पियानोच्या टीचरचं बरोबर उलटं. तुम्ही आला नाहीत की तिचं पुढच्या वेळचं काम वाढतं. कसं ते जवळून बघा.

सी मेजरचं स्केल, म्हणजे सा रे ग म सारखी ओळीने वाजवायची सुरांची माळ, उजवा हात. अंगठा, दुसरं बोट, तिसरं बोट, आणि मग चौथ्या सुराला अंगठा तळहाताखालून सरकून पुढे यायला हवा. दिसायला एवढंसं. नवखा माणूस काय करतो, अंगठा आयत्या वेळी आणतो, तो पोचावा म्हणून कोपर बाहेर फेकतो, मनगट वर उडतं आणि तो चौथा सूर धपकन आपटतो. घरी वाजवणाऱ्याला हे दिसत नाही, कारण तो पट्ट्यांकडे बघत असतो, आणि ऐकूही येत नाही, कारण सूर तर बरोबरच आहेत ना! रोज वीस मिनिटं असं वाजवलं की सहा दिवसांत कोपर फेकायचं वळण लागायला सुरुवात होते. सातव्या दिवशी टीचर कोपराखाली नुसता हात धरते, काही बोलत नाही, आणि तुमचं तुम्हालाच कळतं की आपण काय करत होतो. आता तो सातवा दिवस बुडाला. म्हणजे तेरा दिवस सलग तीच चूक, मन लावून, प्रामाणिकपणे केलेली. जो मुलगा रियाज करतच नाही त्याचं क्लास बुडून फार नुकसान होत नाही, जो करतो त्याचं होतं. ही मजा कोणी लक्षात घेत नाही.

शोपँने तर सी मेजरपासून सुरुवातच केली नसती. दिसायला सगळ्यात सोपं, सगळ्या पांढऱ्या पट्ट्या, म्हणून जग तिथून सुरुवात करतं, आणि हा बी मेजर आधी शिकवायचा, कारण त्यात लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर आपसूक पसरतात आणि अंगठ्याला खालून जायला जागा मिळते. सी मेजर सगळ्यात शेवटी. ही गोष्ट कागद बघून सुचत नाही, हात बघून सुचते. कागदावर बी मेजरला पाच शार्प, म्हणजे पाच काळ्या पट्ट्या आहेत, कुठलाही अभ्यासक्रम लिहिणारा ते मागच्याच पानावर टाकणार.

तर आपण पैसे देतो ते या बघण्याचे. अर्ध्या तासात दिलेल्या माहितीचे नाही, माहिती तर फुकट पडलीये. कोणीतरी तुमचा हात आठवड्यामागून आठवडे बघत असतं, मागच्या महिन्यात कोपर कुठे होतं ते तिच्या डोक्यात असतं, पुढचा तुकडा कुठला द्यायचा ते त्यावरून ठरत असतं. हे क्लासच्या नगावर मोजायचं कसं? व्हिएन्नातला नावाजलेला पियानो शिक्षक चेर्नी, त्याच्या आठवणींत एक प्रसंग आहे. १८१९ मध्ये एक माणूस आपल्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन त्याच्याकडे आला. मुलगा फिकट, अशक्त, वाजवताना खुर्चीवर दारू प्यायल्यासारखा झुलत होता, बोटं कुठली कुठे टाकावी याचा पत्ता नाही, पण अंगात काहीतरी भयंकर होतं. तो फ्रान्झ लिस्ट, पुढे पियानोवादक म्हणून जगभर गाजलेला. पुढे तो शिकायला आल्यावर चेर्नीने त्याला सरळ स्केल्सना बसवलं, तुकडे नीट बसेपर्यंत पुढे जाऊ दिलं नाही, पोरगं वैतागलं, आणि फी म्हणाल तर चेर्नीने घ्यायचीच बंद केली. हे सांगून मी टीचरनी फुकट शिकवावं असं म्हणत नाहीये, उगाच कोणी उचलून धरू नका. चेर्नी दिवसभर पैसेवाल्यांना शिकवून दमायचा म्हणून संध्याकाळी एकाला फुकट शिकवू शकला. मुद्दा एवढाच की तिथे कोणी लेसन मोजत नव्हतं. काम चाललं होतं ते एका हाताचं. तीसेक वर्षांनी, १८५२ मध्ये, लिस्टने आपले सगळ्यात अवघड एट्यूड्स (सरावासाठीच्या रचना) छापले ते चेर्नीला अर्पण करून.

अ‍ॅपवाल्या महाशयांकडे वळू. अ‍ॅपला नावं ठेवायची माझी इच्छा नाही, नोटेशन वाचायचा सराव, ताल धरणं, चुकीचा सूर लगेच दाखवणं, यात ते कुठल्याही माणसापेक्षा बरं, त्याला कंटाळा येत नाही आणि ते फोन बघत बसत नाही (तेच फोन असतं, ते सोडा). पण त्याला कळतं काय ते बघा. डिजिटल पियानो जोडला तर मिडीतून, म्हणजे वाद्य आणि यंत्र ज्या सांकेतिक भाषेत बोलतात तिच्यातून, तीन-चार गोष्टी जातात, कुठली पट्टी, कधी दाबली, कधी सोडली, आणि किती जोरात, तेही १ ते १२७ यातला एक आकडा. ते १९८३ पासून असंच आहे. कुठल्या बोटाने दाबली हे त्या आकड्यांत कुठेच नाही. कोपर नाही, खांदा नाही, दात-ओठ खाऊन वाजवलं ते नाही. माझा तो आपटलेला चौथा सूर अ‍ॅपच्या हिशोबी शंभर टक्के बरोबर!

यंत्र आलं की टीचर गेली ही आवई काही पहिल्यांदा उठलेली नाही. १८१४ मध्ये लोजिए नावाच्या माणसाने किरोप्लास्ट म्हणून एका चौकटीचं पेटंट घेतलं. पियानोच्या पुढे बसवायची, आत मनगटासाठी दांड्या, बोटांसाठी पितळी कप्पे, हात हलूच शकत नाही म्हणजे चुकूच शकत नाही. मग एकेकाला शिकवायची गरज काय, खोलीत ओळीने पियानो मांडा आणि सगळ्यांना एकदम शिकवा. धंदा जोरात चालला, इतर शिकवणाऱ्यांशी कडाक्याची भांडणं झाली, प्रशियाच्या सरकारने त्याला बर्लिनला बोलावून घेतलं. आज किती जणांना ती चौकट माहितीये? गटात शिकवायची त्याची कल्पना मात्र टिकली, आणि ती वाईटही नव्हती. चौकटीत हात नीट राहायचा, चौकट काढली की जैसे थे, कारण हात धरून ठेवला म्हणजे हाताला कळलं असं होत नाही. संगीतकार शुमान लहानांसाठीच्या सूचनांत मुक्या, म्हणजे आवाज न येणाऱ्या कीबोर्डबद्दल लिहून गेलाय की थोडे दिवस वापरून बघा म्हणजे त्याचा उपयोग नाही हे कळेल, मुक्याकडून बोलायला शिकता येत नाही.

आणि हो, रिख्टर. कोणीतरी हे नाव काढणारच. स्व्यातोस्लाव रिख्टर बराचसा आपला आपणच शिकला, विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या पियानिस्टांपैकी एक. मान्य. पण घरात वडील पियानो वाजवणारे-शिकवणारे, आणि एवढं असूनही १९३७ मध्ये बाविसाव्या वर्षी हा गडी मॉस्कोला नॉयहाउस या नावाजलेल्या शिक्षकाच्या वर्गात जाऊन बसलाच. त्यालाही बघणारं कोणीतरी हवंसं वाटलं, तर आपण कोण?

आता टीचरांचं लोढणं. तुम्ही मला महिन्याचे पैसे मागताय कारण तुम्ही क्लास विकत नाही, हात बघण्याची जबाबदारी घेता, बरोबर? मग ती महिनाभर घ्या. विद्यार्थी तापाने पडला, बरा झाल्यावर त्याने फोनवर वाजवून पाठवलं तर ते ऐका आणि दोन ओळी लिहा, त्याला काही पूर्ण अर्धा तास लागत नाही. तुम्ही स्वतः सुट्टी घेतलीत तर भरून द्या किंवा कापा, तिथे मात्र स्लॉटचं तत्त्वज्ञान ऐकवू नका. लांबलचक आजारपण असेल तर जागा सोडायची की अर्ध्या फीत ठेवायची हे पहिल्या दिवशी लिहून द्या, महिनाअखेरीला मेसेजवर नको, निम्मी भांडणं नियमामुळे होत नाहीत, तो उशिरा कळल्यामुळे होतात. आणि वर्षभर परीक्षेचे तेच तीन पीस घोटून घेऊन त्याला शिकवणं म्हणू नका. ग्रेड परीक्षा घेणारी जुनी बोर्डं आहेत, त्यांच्यामुळे मुलांना एक टप्पा दिसतो हे खरं, पण तीन पीसांत वर्ष काढलेल्या मुलाला चौथा द्या समोर, बघा काय होतं ते.

पालकांनी पारख कशावरून करायची म्हणाल तर मला एकच खूण सांगता येते, ती मला दुसऱ्या मॅडमकडे गेल्यावर कळली. त्यांनी पहिल्या दिवशी पीस ऐकला आणि म्हणाल्या, "आता घरी प्रॅक्टिस कशी करता ते करून दाखवा, मी इथे नाहीच असं समजा." मी बसले. चुकले की पहिल्यापासून, परत चुकले की परत पहिल्यापासून. पाच मिनिटं त्या गप्प. मग म्हणाल्या, "पहिली ओळ तुम्ही अकरा वेळा वाजवलीत, शेवटची एकदा. म्हणजे रोज तुम्ही जे येतंय तेच पक्कं करताय." दहा महिन्यांत कोणी मला हे सांगितलं नव्हतं. त्या दिवशीपासून मी मागून पुढे वाजवते, शेवटची ओळ आधी.

गेल्या पावसाळ्यात मला तापाने दोन आठवडे धरलं. जरा बरं वाटल्यावर एका छोट्या मिन्युएटचं रेकॉर्डिंग पाठवलं, नुसता आवाज, व्हिडिओ नाही, खरं तर कामचुकारपणा लपावा म्हणूनच. तासाभराने उत्तर आलं. "दुसऱ्या ओळीत डावा हात तुटतोय. करंगळीच्या जागी चौथं बोट टाकताय ना? मग पुढे पोचत नाही." मी पियानोशी जाऊन बघितलं. चौथंच होतं. त्या महिन्याची फी मी पूर्ण दिली, कुरकुर न करता. बरं, थोडी केली, पण मनातल्या मनात.